एसटीत उभी राहून आली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच — का, ते कळेलच तुम्हाला.

आमच्या नागपुरात लग्न झालेली मुलगी माहेरी आली की दारातच म्हणतात, सुकली. आई म्हणते तेव्हा त्याचा अर्थ — ये, जेव. शेजारीण म्हणते तेव्हा ती सासरची बातमी काढत असते. आत्याला त्यात गोड बातमी दिसते. गुटगुटीत पोरीलाही म्हणतात. मग एखादी खरंच सुकून आली, तर ते कळायचं कसं?

मला कळलं होतं. धाकटी बहीण सुनंदा सावनेरला दिलेली. इतवारीतल्या आमच्या दुकानातली भांडी पोचवायला तिकडे गेलो होतो, न कळवताच तिच्या घरी डोकावलो. दुपारचे तीन वाजलेले, सगळ्यांची जेवणं उरकलेली. ती ओट्यापाशी उभी राहून पातेल्याची खरवड खात होती. गालांची हाडं वर आलेली. मला बघून तिनं ताट लपवलं — नाही, ताट नव्हतंच. पातेलं मागे सारलं.

महिन्याभरानं ती घरी आली. "काहून वं एवढी सुकली?" आईनं विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज नेहमीचा नव्हता. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मी पाहिलंय, हे तिला ठाऊक होतं. मी बोललो असतो तर आईनं तिला परत धाडलं नसतं.

"ऊन लागलं तिले," मी म्हणालो. "एसटीत उभी राहून आली."

का म्हणालो? तिच्या नणंदेशी माझं लग्न ठरत होतं. मुलगी मला आवडली होती. एवढंच. तेव्हा लाजही वाटली नाही. आता वाटते, पण तिचा सुनंदाला काय उपयोग?

आई निवांत झाली. चार दिवसांनी सुनंदाला बसवर सोडायला मीच गेलो.  

चौदा वर्षं झाली. आता सुनंदा आली की तिला कुणी सुकली म्हणत नाही. तिचा चेहराच तसा, असं सगळे धरून चालतात. माझी बायको सावनेरला माहेरी जाते तेव्हा मात्र तिथं दारातच म्हणतात, किती सुकली वं. आठ दिवस ठेवून घेतात, चांगलंचुंगलं खाऊ घालतात.

रांधते सुनंदा.