बोगद्यातली लक्ष्मीची पावलं

पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि गाळात रुतलेला उजवा पाय हलत नव्हता. अमेरिकेत मुलाच्या गावचा, रेडमंडचा ओढा पावसाने फुगलेला. एका झाडाचं मूळ हाताला लागलं, ते धरून मी ओरडत होते. वरच्या रस्त्यावर गाड्यांचा आवाज एवढा, की माझं मलाच ऐकू येईना.

रस्त्याखाली फिरायला जायचा बोगदा आहे, ओढ्याला लागून. पोरंबाळं तिथे भिंतीवर रंगाचे फवारे मारतात. त्या सकाळी बघते तर खाली वाटेवर लाल पावलं. दिवाळीत आपण दारात काढतो तीच लक्ष्मीची पावलं, बोटांसकट, वाटभर पसरलेली. बूट घालून त्यांच्यावर पाय कसा देणार? कडेच्या चिखलातून गेले आणि घसरले ती थेट पाण्यात.

ती पावलं काढणारी बाई उरलेलं काम पुरं करायला परत आली. तिने मला पाहिलं, फोन केला आणि मदतीची वाट न बघता उतरली. काठ खचला, तीही अडकली. पण माझ्या काखेत हात घालून तिने माझं डोकं वर धरून ठेवलं. मी मराठीत देवाचं नाव घेत होते, ती इंग्रजीत काहीतरी बोलत होती. अग्निशमनवाल्यांनी दोघींना ओढून काढलं.

हॉस्पिटलात मुलगा चिडला. "आई, नुसता पेंट होता तो! पाय दिला असतास तर काय झालं असतं?"

"तू दे. तुझी लक्ष्मी, तुझे बूट."

ती बाई भेटायला आली. नातीने आमचं बोलणं एकमेकींना सांगितलं. बाईने मैत्रिणीच्या दारात ती पावलं पाहिली होती, आवडली म्हणून काढली. कुणाची, ते तिला ठाऊक नव्हतं. ती लक्ष्मीची, म्हणून मी चिखलातून गेले, हे सांगितल्यावर रडायला लागली. म्हटलं, रडू नको, चहा घे.

पुढे तिने त्याचंच मोठं चित्र रंगवून आणलं. लाल पावलं आणि कडेला चिखलाचा लांब फराटा.

"एवढं छान काढलंस, मग ही घाण कशाला?"

"आजी, दॅट्स यू!" नात म्हणाली. "ती घाण म्हणजे तूच आहेस."

सून म्हणाली, हॉलमध्ये मॅच होत नाही. मी ते जेवायच्या टेबलासमोर लावून घेतलं. बसताना हात जोडते. त्यातला अर्धा नमस्कार त्या बाईला असतो.

पाहुणे चित्राचा अर्थ विचारतात, तेव्हा नात बरंच काही सांगते. मी एवढंच सांगते, ओढ्यात दोघी होतो. दोघी जगलो.