‘मुंडन सुरू करा’

आमच्या वसमतच्या कॉलेजात फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर बसवलं, त्याच दिवशी ऑफिसातल्या क्लार्क मॅडम माझ्याकडे आल्या.

"सर, तुमी मराठीचे. ह्ये वाचा बरं."

मदतीच्या पानावर लिहिलं होतं, ‘कागद भरा आणि मुंडन सुरू करा.’

"कोणाचं करायचं सर? प्राचार्यांना तर केसच न्हाईत."

मुद्रणाचं मुंडन झालं होतं. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे त्यात कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. बावीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाई सांडलेला मी. मला कोण हर्ष झाला! त्या एकाच पानावर सतरा चुका निघाल्या. त्यातली ही एक आधी पाठवली. एक शब्द. दोन मिनिटांचं काम.

मंजुरी देणारे गृहस्थ पुण्याचे निघाले. त्यांचं उत्तर आलं, ‘मुद्रण फार संस्कृत वाटते. छपाई का नको?’ तिसऱ्यानं लिहिलं, लोक प्रिंटच म्हणतात. चौथ्यानं मराठी मरत चालल्याची बातमी दिली. मीही मागे हटलो नाही; एम.ए.चा उल्लेख करून लांबलचक उत्तर लिहिलं. असे चार महिने गेले. तोवर ते सॉफ्टवेअर वापरणारी सगळी मराठी माणसं मुंडन करत राहिली.

बायको म्हणाली, "काहून भांडून राहिले तुमी त्या लोकांशी? कोणी बोलावलंय का?"

"भाषेचा प्रश्न आहे."

"व्हय का? जेवण थंड होऊन राहिलं, तो कोणाचा प्रश्न हाय?"

मग एका अनोळखी मुलीनं त्या चर्चेत दोनच ओळी लिहिल्या. ‘सरांच्या उत्तरात दुरुस्ती हा शब्द पाच वेळा आलाय. पाचही वेळा रू दीर्घ लिहिलाय.’

माझे कान गरम झाले. आधी कीबोर्डला दोष दिला. मग दार लावून शब्दकोश काढला. ऱ्हस्वच होता.

पुण्याचे गृहस्थ इतके खूश झाले की त्याच आनंदात त्यांनी मुंडन काढून ‘छपाई’ मंजूर करून टाकली, आणि माझं सांत्वन म्हणून मलाही मंजुरी देणाऱ्यांत घेतलं.

गेल्या आठवड्यात औंढ्याच्या एका मास्तरांनी एक वेलांटी सुधारून पाठवली. दुरुस्ती बरोबर आहे. पण कारण नीट लिहिलेलं नाही. मी त्यांच्याकडून सविस्तर खुलासा मागवला आहे.