चावीवाल्या काकांचं बोट

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी, आणि आमचे हे एक मोजा हातात घेऊन दुसऱ्याच्या शोधात. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारा माणूस आमच्या गल्लीत एकच.

"उघड, तुझे हीरो आलेत," हे आतून म्हणाले.

दारात चावीवाले काका होते. आत आले, पण खुर्चीवर टेकेनात. हातात घड्या पडलेला एक मोठा कागद.

काका म्हणजे आमच्या भागाला पाणी सोडणारे. छातीपर्यंत येईल एवढी लोखंडी चावी रस्त्यातल्या झाकणाखाली घालायची, फिरवायची, की नळांना पाणी. एकतीस वर्षं हेच काम. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते काकांच्या पायांत होतं. टाकीकडून निघायचं, दुसरा कोपरा, लाँड्रीच्या भिंतीपासून नऊ पावलं. वरून डांबर पडलं असलं तरी टाच आपटून सांगायचे, "हा इथे आहे."

गेल्या वर्षी ते निवृत्त व्हायच्या आधी पाणीखात्याने सगळे व्हॉल्व्ह नकाशावर घ्यायचे ठरवले. त्यासाठी कंत्राटावर एक मुलगी आली. उपग्रहाशी बोलणारं यंत्र काठीवर लावून गल्लोगल्ली हिंडायची. तिने केलेला नकाशा आता नव्या माणसांच्या फोनमध्ये असतो.

आणि तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गल्लीतला पाइप फुटला. नव्या पोरांनी फोन बघून गल्लीच्या त्या टोकाला खणलं. तिथे काही नाही. अडीच तास पाणी वाहत होतं. आमच्या पुढच्या खोलीत घोटाभर पाणी, गाद्या ओल्या, शेजारच्या शिवणवाल्या बाईंचं गिऱ्हाइकांचं सगळं कापड भिजलेलं. शेवटी कोणीतरी काकांना घेऊन आलं. त्यांनी दोन मिनिटांत झाकण शोधलं, चावी फिरवली, पाणी थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी बाजूला चिखलात उभी होती. "कॉलेजात काय शेण गोळा करत होतीस?" असं कोणीतरी तिला म्हणालं.

कोणीतरी कशाला, मीच म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध तक्रारअर्जही मीच लिहिला. सुंदर अक्षरात, बावीस सह्यांनिशी.

"वहिनी," काका म्हणाले, "तुमच्या अर्जावर आज अकरा वाजता चौकशी आहे. त्या पोरीला काढणारेत."

"मग? चूक केली तिनं."

"तिनं नाही केली."

मी दोन्ही शेगड्या बंद केल्या.

काकांनी कागद टेबलावर पसरला. आमच्याच गल्लीचा नकाशा, त्यावर लाल ठिपके. खाली काकांची सही.

"ती म्हणत होती, काका, चला, प्रत्येक जागेवर उभे राहू, म्हणजे यंत्रात पक्की नोंद होईल. बाकी सगळीकडे आम्ही तसंच हिंडलो. तुमची गल्ली शेवटची. त्या दिवशी ऑफिसात सगळे जमलेले. साहेब म्हणाले, काकांच्या डोक्यात अख्खा नकाशा आहे, बसल्या जागी सांगतील. मला आपलं बरं वाटलं. म्हटलं, हो, त्यात काय!"

"मग?"

"ती टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. कागद तिच्याकडे तोंड करून. अक्षरं मला उलटी, त्यातून चष्मा घरी. फिरव म्हणायला लाज वाटली हो. मी आयुष्यभर टाकीकडून चालत आलोय, म्हणून माझ्या जवळची कड ती टाकीची बाजू, असं धरलं आणि तिथून कोपरे मोजत बोट ठेवत गेलो. तिनं विचारलं, 'काका, नक्की?' चारदा विचारलं तिनं. म्हटलं, एकतीस वर्षं काय झक मारली?"

मी नकाशा बघितला. कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता. टाकी गल्लीच्या दक्षिणेला, म्हणजे खालच्या कडेपलीकडे, आणि काकांच्या जवळ होती ती वरची कड. काकांनी मोजले होते ते सगळे कोपरे भलत्या टोकाचे.

"आणि त्या दिवशी टाळ्या पडल्या तेव्हा?" विचारू नये ते मी विचारलं.

"तेव्हाच कळलं, खड्डा कुठे खणलाय ते बघून. ती माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. आणि मी टाळ्या घेतल्या." त्यांनी मान खाली घातली. "घरी सुनेनं फोनवर चारचौघींना सांगितलं, आमच्या बाबांनी मशीनला हरवलं म्हणून. जेवण जात नाही तेव्हापासून."

मला त्यांच्याकडे बघवेना. भूगोल घेऊन पदवी मिळवलेली बाई मी. ठिपके उलट्या क्रमाने पडलेत, एवढं अर्ज लिहिण्याआधी नकाशा मागून बघितला असता तर मला कळलं असतं. पण मला ओल्या गाद्यांचा राग काढायला माणूस हवा होता, आणि ती आयती सापडली.

"थांबा, मी अर्ज मागे घेते. तुमचं म्हणणंही लिहून देते, तुम्ही फक्त सही करा."

"अर्ज तुम्ही जरूर मागे घ्या. पण माझं लिहू नका. न वाचता सही करूनच तर हे झालंय."

आमचे हे दारात उभे होते, एक पाय मोज्यात, एक उघडा.

काकांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची ओढून बसले.

"मी तिथं सगळ्यांसमोर प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून सांगणार आहे, हा माझ्यामुळे चुकला, खरा इथे आहे. अकराला अजून वेळ आहे. वहिनी, तेवढ्यात मला हा नकाशा वाचायला शिकवा."