उजव्या नाकपुडीतली नथ

भुताखेताच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा मला भारी राग येतो. त्यामुळे ही हकीकत सांगायची म्हटली की आधी माझंच डोकं तडकतं. पण घडलं ते भर दुपारी, माझ्या छापखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत. आता त्याला मी काय करू?

निजामाच्या अमदानीत बीडच्या बाजारात आमचा दगडी छापखाना होता, वडिलांनी काढलेला. दगडावर तेलकट शाईनं उलटं लिहायचं, उलटं चित्र काढायचं, वर कागद दाबला की सगळं सुलट उमटतं. काम झालं की तोच दगड वाळू-पाणी घालून घासायचा आणि त्यावर नवं काम घ्यायचं. दगड लांबून यायचे, महाग पडायचे. त्यामुळे एकेका दगडावर लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, जत्रेच्या जाहिराती असं काय काय येऊन पुसून गेलेलं असायचं. घासायचं काम चाचांकडे. ते वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे होते.

त्या साली बाजारात एका शेठनं थाळीवाजाचं, म्हणजे ग्रामोफोनचं, दुकान टाकलं. उमापूरची एक गाणारी मुंबईला जाऊन गाणी भरून आली होती आणि तिच्या तबकड्या शेठकडे विकायला यायच्या होत्या. शेठला तबकडीसाठी कागदी पाकीट हवं होतं, त्यावर बाईचं चित्र. तेच चित्र घालून वाटायला जाहिराती, अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत.

पाकिटाला मधोमध गोल भोक ठेवतात, तबकडीवरचं नाव दिसावं म्हणून. शेठची अक्कल अशी, की ते भोक म्हणजेच बाईचं उघडं तोंड करायचं.

"काय डोकं चालवलंय बघा मास्तर! गाणं थेट तोंडातूनच बाहेर!" असं म्हणून स्वारी स्वतःवरच खूश.

बाई तिथंच बसली होती. पंचविशीची असेल. तिनं शेठकडे पाठ फिरवली. मला म्हणाली, "दादा, माझं तोंड मिटलेलं काढा."

तो आवाज ऐकून मी चमकलोच. फुटक्या मडक्यात खडे हलवावेत तसा आवाज. ही गाणारी?

"मुंबईला भोंग्यात तोंड घालून दिवसभर वरडायला लावलं," ती म्हणाली. "परत आले तवापसून गळा उघडंना. वैद्य झाले, हकीम झाले. माझा गळा त्या तबकडीत ऱ्हायला, दादा. आता तोंडाला भोक पाडून उरलंसुरलं बी काढून घेताव का?"

आणि तबकड्या येतील त्या बाजाराच्या दिवशी दुकानासमोर तिनं स्वतः गायचं, असं शेठनं ठरवून टाकलेलं. नाही गायली तर तबकडीतली बाई हीच कशावरून, असं लोक विचारणार. बिचारीचं पोट गळ्यावर. मागं कुणी नाही. आई तिच्यासारखीच गाणारी, ती ही लहान असतानाच वारलेली.

"अहो, गळा असा कुणी काढून नेतं होय?" मी म्हटलं. "बसलाय, उघडेल." पण चित्र मिटल्या तोंडाचंच काढलं, भोकाच्या वरच्या बाजूला. शेठ कुरकुरला. कुरकुरू दे.

तिची नथ डाव्या नाकपुडीत. मी दगडावर उजव्या नाकपुडीत काढली आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. कारण आमच्या घरात नथेचा एक किस्सा होता. वडिलांनी एकदा जत्रेत गाणाऱ्या एका बाईची जाहिरात केली होती. अक्षरं सगळी बिनचूक उलटी, पण चेहऱ्याशी आले आणि असे रंगात आले, की समोर दिसला तसाच सरळ काढून बसले. छापून आलं तर नथ उजव्या नाकपुडीत! पुढं वडील कधी शेखी मिरवायला लागले, की आई भाकरी थापता थापता विचारायची, "नथ कुठल्या बाजूला?" झालं, वडील गप.

छापायला बसलो ती दुपारची वेळ. बाहेर रस्ता ओस. चाचा शाई फिरवत होते, मी कागद उचलत होतो. पहिले कागद स्वच्छ आले. मग तिच्या उजव्या नाकपुडीवर एक करडा ठिपका दिसला. धूळ असेल म्हणून मी दगड पुसला. पुढच्या कागदावर ठिपका गडद. त्याच्या पुढच्यावर मोती मोजता येतील इतकी स्पष्ट दुसरी नथ! आणि मिटलेल्या ओठांच्या मधोमध एक काळी रेघ आली. कागदागणिक ती रुंदावत गेली. मी काढलेलं तोंड उघडत होतं.

"चाचा, दगड नीट घासला होता का?" मी खेकसलो.

"तुमच्याम्होरंच घासला की भाई," चाचा म्हणाले. त्यांच्या हातातला शाईचा रूळ थांबला होता.

जुन्या चित्राचा तेलकटपणा दगडाच्या पोटात राहतो आणि कधीकधी वर येतो, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून मी त्याला भूत म्हणत नाही. पण वडिलांच्या काळातलं, त्या जत्रेच्या जाहिरातीचं चित्र, इतक्या वेळा घासल्यावर?

तेवढ्यात बाई दारात. चित्र बघायला आली होती. मी घाईनं कागदांवर फडकं टाकलं. तिनं ते बाजूला केलं आणि वरचा कागद उचलला.

"आई," ती म्हणाली.

मी उगाच हसून वडिलांची चूक सांगितली. ती हसली नाही.

"लोकायनं जत्रेत गोंधळ घातलता," ती म्हणाली. "चित्रातली बाई ही न्हाईच म्हनले, हिची नथ डावीकडं हाय. मग आईनं उजवी नाकपुडी टोचून घेतली. मरस्तोवर नथ तिकडंच घातली."

वडिलांना हे कधी कळलं नाही. बरंच झालं. आमच्या घरी ज्याच्यावर हसायचं, ते त्या बाईनं नाक टोचून निस्तरलं होतं.

तो कागद पदरात घेऊन ती गेली. मी दुसऱ्या दगडावर चित्र नव्यानं काढून शेठचं काम पुरं करून दिलं.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढं ही गर्दी! शेठनं आधी तबकडी लावली. कोवळा, उंच, सरसर चढणारा आवाज. लोक वेडे झाले. मग शेठनं तिला पुढं बोलावलं आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला. उजवी नाकपुडी लालभडक सुजलेली, त्यात नथ. डावी रिकामी.

तिनं तोंड उघडलं आणि गळा लागला! मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण हा आवाज रुंद, जड, पिकलेला. तबकडीतल्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. जुन्या जत्रा ऐकलेल्या चाचांनी माझं मनगट धरलं.

"भाई, ये तो इसकी माँ गा रई."

समोर पाली गावची एक म्हातारी भाजीवाली बसली होती. ती पाटी तशीच टाकून उठली आणि चालती झाली.

गळा तेव्हापासून तिला राहिला. पार मांजरसुंब्यापासून बोलावणी यायला लागली, पोटाची चिंता मिटली. मीही सगळ्यांना सांगत सुटलो, की विश्रांतीनं गळा सुटतोच, त्यात काय एवढं!

मग एका दुपारी शेठच्या दुकानात कामानिमित्त गेलो होतो, तर ती आली. शेठला म्हणाली, "ती तबकडी लावा." पायरीवर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून ती ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"लई गोड गायली हो माझी पोरगी," त्या जड आवाजात ती मला म्हणाली. "मी मेले तवा एवढुशी व्हती. धड सूर बी लागत नव्हता."

शेठ आत होता. त्यानं विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, "पुन्हा लावा. ऐकू द्या तिला."