पुढे धावणारा शिकारी

केळीचा घड उतरवला की कापलेल्या दांड्यातून चीक गळत राहतो. त्याचा तुरट, ओलसर वास गिरीज गावच्या केळीच्या वाड्यांमधून रेंगाळतो. आज कामावरून परतताना तो आला आणि पाय आपसूक मंदावले. वऱ्हाडातल्या घरापासून इतक्या लांब, ज्या माणसानं भाड्याच्या खोलीसोबत मला आपला ओटाही बसायला दिला, त्यांच्या कपड्यांना हाच वास असायचा. मी त्यांना अंकल म्हणायचो.

अंकल साठीचे, बागायतदार, रविवारची चर्चमधली मिस्सा न चुकवणारे आणि संध्याकाळी वाडीतून आले की हातपाय धुऊन मोबाइलवर ऑनलाइन गेम खेळणारे. आठवीत शाळा सुटलेला मी, मोठ्या माणसांशी बोलायला बिचकायचो. पण गेममध्ये आम्ही दोघंही शिकारी निघालो आणि बोलायला निमित्त झालं. या शिकाऱ्याकडे धनुष्य असतं, सापळे असतात आणि एक पाळलेला लांडगा. त्यांचं काय करायचं, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर. अंकल लांडगा सोडायचे आणि त्याच्यामागून स्वतःही राक्षसाच्या पार तोंडापर्यंत धावायचे, बाणांवर बाण. मी लांब उभा. लांडगा पायाशी, चहूकडे सापळे, पळायची वाट आधीच हेरून ठेवलेली. खरं तर या परक्या मुलखात मी जगतही तसाच होतो. कामावरचा मालक जरा जोरात बोलला तरी रात्रभर छातीत धडधड.

"शिकारी आहेस की खुराड्यातली कोंबडी?" अंकल विचारायचे.

"कोंबडी जिवंत आहे, अंकल. तुम्ही आत्ताच मेलात."

आंटी आतून हसायच्या आणि बशीभर काहीतरी गरम बाहेर यायचं.

मग अंकलच्या पोटदुखीला डॉक्टरांनी कॅन्सर हे नाव दिलं. औषधाचा पहिला फेरा अंकलनी सोसला; दुसऱ्याला सरळ नाही म्हणाले. आंटींनी मला विहिरीपाशी गाठलं. "तुझं ऐकतील ते. सांग ना जरा." माझं कोण ऐकणार, असं मनात आलं, पण त्या घरानं मला इतकं दिलं होतं की नाही म्हणवेना. मला एकच भाषा येत होती. त्या संध्याकाळी खेळता खेळता म्हणालो, "अंकल, थोडं मागे या ना. जीव राखून खेळा."

त्यांना कळलं. बोट काचेवर थांबलं.

"मागे येऊन बघू काय, वऱ्हाडी? दवाखान्याचं छत?" मग हळू आवाजात, "तू आहेस ना मागे. म्हणून तर पुढे जायला होतं."

आणि ते धावले. मी होते नव्हते ते सगळे सापळे त्यांच्याभोवती टाकले. राक्षस क्षणभर अडकला, एवढंच.

नाताळाच्या आधी ते गेले. घरीच, खिडकीतून वाडी दिसेल अशा खाटेवर. अजून जोर लावून सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. आंटींनी कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या त्या न विचारण्याचंही माझ्यावर ऋण आहे. पण ज्या भित्रेपणाची मला जन्मभर लाज वाटली, त्याच्या भरवशावर एक माणूस बेधडक पुढे जात होता, हे कळल्यापासून मी मागे उभा राहतो तो निराळ्या मनानं. पुढे धावणाऱ्याची पाठ शेवटपर्यंत मागच्यालाच दिसत असते. मला ती अजून दिसते.