वरच्या काकांची नदी

फिनलंडच्या किनाऱ्यावर, एक नदी समुद्राला मिळते तिथे, नकाशात मुंगीएवढं दिसणारं एक गाव आहे. त्या गावाचा सगळ्यात निष्ठावंत गावकरी सिंगापुरात, बुकित बातोकला आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, आणि त्याने त्या गावात आजवर पाऊल ठेवलेलं नाही. हे आमचे वरचे काका. मूळचे नागपूरचे, उभी हयात जहाजांच्या इंजिनांत गेली. त्यांची एकुलती एक मुलगी त्या गावी नदीतल्या माशांचा अभ्यास करते, आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकांचा लांबचा विमानप्रवास बंद केला आहे. आपल्याला जाता येत नाही म्हटल्यावर काकांनी गावच इकडे आणलं.

बनियन घामाने अंगाला चिकटलेलं असताना लिफ्टमध्ये ते मला सांगतात, "आज उणे अठरा. पोरीला टोपीशिवाय बाहेर सोडू नका." माझी लेक एकदा म्हणाली, "अंकल, हिअर गॉट नो विंटर लाह." काकांनी तिच्याकडे इतक्या दयेने पाहिलं की घरी येऊन ती खरंच टोपी शोधू लागली. तिथल्या नगरपालिकेला ते 'आमची ग्रामपंचायत' म्हणतात. त्या पंचायतीने शाळेची बस बंद करायचं ठरवलं, तेव्हा काका रागाने जेवले नाहीत. मासळीबाजारात मी रावस घ्यायला गेलो, तर माझा हात धरून म्हणाले, "सध्या आमच्याकडे मासेमारी बंद आहे. अंडी घालायचे दिवस." मासे विकणारी चिनी आंटी सुरी धरून बघत राहिली, आणि आम्ही पालक घेऊन परतलो.

ती नदी हिवाळ्यात गोठते. एप्रिलात भीमजयंतीला बर्फ तसाच असतो, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास तडकतो. काकू गेल्या तेव्हा मुलगी येऊन गेली, त्यानंतर फिरकली नाही. दर वर्षी म्हणते, "बर्फ फुटला की येते, बाबा." मग काका तिची खोली झाडतात, चादरी धुतात, वांगी आणून ठेवतात. वांग्यांची भाजी शेवटी आमच्याकडे येते. मी एकदा चिडून बोललो, तर म्हणाले, "आईशिवाय हे घर तिला बघवत नाही. मला तरी कुठं बघवतं?"

यंदा पौर्णिमेच्या आधी एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. ग्रामपंचायतीने बंदरावर कॅमेरा बसवला होता आणि त्याचं चित्र काकांनी टीव्हीवर लावलं होतं. नदी फुटली होती. बर्फाच्या लाद्या एकमेकींना ढकलत समुद्राकडे चालल्या होत्या, आणि काका लग्नघरातल्या माणसासारखे उभे होते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो मलाही ऐकू येईल असा धरला.

"जय भीम, बाबा. जेवलात?"

"जेवलो. नदी काय म्हणते, बेटा?"

"गोठलेलीच आहे अजून. यंदा थंडी फार लांबली. फुटली की येतेच मी."

काकांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला, जणू तिला तो तिकडून दिसत होता. "असू दे. एखादं वर्ष असं येतं. तू घाई करू नको, गरम कपडे घालत जा."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "आमच्या गावात कॅमेरा आहे, हे तिला कळू देऊ नका." मी मान हलवली.

परवा लिफ्टमध्ये ते भेटले. जून अर्धा सरला होता. मी सवयीने विचारलं, "काका, नदी काय म्हणते?"

"गोठलेली आहे अजून," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.