छातीएवढा कठडा

आत्तीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मेंढरांमागं चालत ती पश्चिमेला कृष्णाकाठ ओलांडून शिराळ्यापर्यंत जायची, तेवढाच तिचा मुलूख. तरीही बोटीला मजले किती असतात, भटारखाना कुठं असतो, काम संपल्यावर हवा खायला नोकरांनी कुठल्या टोकाला जायचं आणि तिथला कठडा किती उंच असतो, हे अख्ख्या तालुक्यात तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. घराच्या सोप्यातल्या भिंतीवर तिनं कोळशानं एक आडवी रेघ ओढली होती. भिंत पोतारताना रेघ गेली, की वाळल्यावर पुन्हा नेमकी तिथंच ओढायची. ती रेघ म्हणजे बोटीचा कठडा.

माझी पहिली नेमणूक कवठे महांकाळच्या शाळेत झाली, तेव्हा मी आत्तीच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. घरात आत्ती आणि तिची सून हौसा, एवढ्या दोघीच. मागं मेंढरांचा वाडगा. हौसा सासूला आत्ती म्हणायची, म्हणून सगळी गल्ली आत्ती म्हणायची, आणि आठवड्याभरात मीही म्हणायला लागले.

बिरू हा आत्तीचा एकुलता एक मुलगा. चार वर्षं तो पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होता. तिथून सुटल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं एका मोठ्या बोटीच्या भटारखान्यात लागला. ती सहलीची बोट. गोरे लोक तिच्यात बसून महिनाभर समुद्रावर नुसते फिरायचे आणि जिथून निघाले तिथंच परत यायचे. आत्तीला याचं फार नवल वाटे. "कुटं जायाचंच न्हाई, तर निगायाचं कशाला?" असं ती मला कितीदा तरी विचारायची. वर्षानं बिरू सुट्टीवर आला, तेव्हा "पडबिडशील रं" म्हणून आईनं काळजी केली. तो सोप्यात उभा राहिला, छातीला आडवा हात लावला आणि हसत म्हणाला, "एवढा कठडा हाय, आये. मेंढरू बी पडायचं न्हाई." हौसानं आणि तिनं बिरूला पाहिलं ते तेव्हाचंच शेवटचं. पुढच्या फेरीत, दोन बंदरांच्या मधे, एका संध्याकाळी तो भटारखान्यातून बाहेर पडला आणि परत आला नाही.

मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला वर्ष होऊन गेलं होतं. प्रत्येक नव्या शिकलेल्या माणसाकडून कंपनीचं पत्र वाचून घ्यायचं, हा आत्तीचा शिरस्ता. मीही वाचलं. बोट वरपासून खालपर्यंत शोधली, माणूस सापडला नाही, बहुधा समुद्रात पडला असावा, असा त्या इंग्रजी पत्राचा अर्थ.

"बहुदा मंजी काय वो, बाई?"

"म्हणजे… नक्की माहीत नाही."

"मंग तसं लिवायचं की," आत्ती म्हणाली आणि पत्र डब्यात ठेवून दिलं.

कंपनीला माहीत नसलं तरी गावाला सगळं माहीत होतं. शिंप्याचं म्हणणं, बिरूनं बंदरात उतरून मड्डम केली. दुकानदाराचं म्हणणं, भटारखान्यात सुरे असतात, भांडण झालं असणार आणि कुणीतरी ढकललं. कंपाउंडर म्हणायचा, दारू प्याला आणि तोल गेला. आत्ती कुणाचंही ऐकून घ्यायची. रागवायची नाही. मड्डमच्या गोष्टीवर तर म्हणायची, "केली आसंल तर बरंच की. वेळेवर जेवतोय तरी." पण पडला म्हणणाऱ्याला मात्र ती सोडत नसे. हाताला धरून भिंतीजवळ न्यायची, रेघेला छाती लावून उभं करायची आणि म्हणायची, "हां. आता पडून दावा."

माझे वडील एकदा साताऱ्याहून मला भेटायला आले. ते रिटायर हवालदार, लढाईच्या काळात बोटीनं परदेशी जाऊन आलेले. आत्तीला असा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. चहा होईपर्यंतही तिला धीर निघेना. वडील म्हणाले, "आक्का, वारं सुटलं की बोट एका अंगावर कलते. मग उंच काय नि बुटकं काय." आत्तीनं हौसाला बाज आणायला लावली. बाजेचं एक टोक उखळावर चढवलं आणि वडिलांना त्या उतारावर उभं केलं. धोतर, कोट, टोपी अशा थाटात माझे वडील भिंतीला धरून त्या कललेल्या बोटीवर उभे, आणि आत्ती काठीनं बाज हलवतेय.

"तुमी न्हाई पडला, हवालदार."

"आवं, मी धरलंय की!"

"त्यो बी धरंल की."

हौसा खदखदून हसली. तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पण हसता हसता ती मधेच थांबली, पदर तोंडाला लावून आत निघून गेली. वडील हळूच बाजेवरून उतरले. जाताना मला एवढंच म्हणाले, "म्हातारीला सांभाळ. आणि पोरीला जास्त."

आत्तीचं स्वतःचं म्हणणं अगदी साधं होतं. बिरू नऊ वर्षांचा असताना कृष्णाकाठी मेंढरं बसवली होती, तिथून तो नाहीसा झाला. विहिरी उपसल्या, लोकांनी आशा सोडली. बाराव्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या कळपामागून पोरगा शीळ घालत आला. वाट चुकून त्यांच्यात मिसळला होता. "माजा बिरू हरवतो," आत्ती म्हणायची, "मरत न्हाई." तिनं कुंकवाचा करंडा हौसाच्या हातात रोज सकाळी स्वतः द्यायचा, आणि हौसानं मुकाट्यानं कुंकू लावायचं. हौसा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती.

त्या उन्हाळ्यात रत्नागिरीकडचा एक माणूस डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन घर शोधत आला. त्याचं नाव इब्राहिम. तो बिरूबरोबर भटारखान्यात होता. कंपनीकडं पडून असलेली ट्रंक त्यानं मागून घेतली आणि सुट्टीत स्वतः पोचवायला आला. आत्तीचे दीर तातोबाही आले होते. तातोबांनी लगेच विचारलं, "काय झालं सांगा. पडला, का उडी घेतली?"

"मी डोळ्यांनी बघितलं नाही," इब्राहिम म्हणाला. "बघितलं नाही ते कसं सांगू?"

आत्तीनं त्याच्यापुढं शेळीचं दूध ठेवलं. दीड वर्षात घरात आलेला हा पहिलाच माणूस, ज्याच्याकडं स्वतःचा तर्क नव्हता. तिनं त्याला भिंतीशीही नेलं नाही. बिरू काय खायचा, कुठं झोपायचा, थंडी वाजायची का, एवढंच विचारलं. तो सांगत गेला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की बिरू शेवटचे काही दिवस गप्प असायचा. घरचं पत्र आल्यापासून. आणि त्या संध्याकाळी त्यानं कामाचा एप्रन घडी घालून खुंटीवर ठेवला होता.

ट्रंकेत कपडे होते, दाढीचं सामान होतं, आणि तेच पत्र होतं. तातोबांनी ते माझ्या हातात दिलं. "वाचा, बाई."

इथं मी जी चूक केली ती आजही मला सलते. पत्र आधी मनाशी वाचायचं सोडून मी सरळ मोठ्यानं वाचत सुटले. पोस्टातल्या कारकुनाकडून लिहवून घेतलेलं पत्र. कोकरं किती झाली, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, आणि मग: "आता यायचं तर कायमचं या. नाहीतर येऊच नका."

हौसाचा चेहरा पांढराफटक पडला. तातोबा तिच्याकडं वळले, तेवढ्यात आत्ती म्हणाली, "ते मी लिवाय लावलं हुतं."

"तू?"

"मीच. एकच लेक माजा. रागानं लिवलं."

पण तातोबांना ते पटलं नाही. आई लेकाला 'या' आणि 'येऊ नका' असं लिहीत नाही. आठ दिवसांत गावाचे सगळे तर्क मागं पडले आणि एकच उरला: बायकोच्या पत्रानं बिरूनं जीव दिला. विहिरीवर बायका हौसाला बघून बोलणं थांबवायच्या. ती पाण्याला जाईनाशी झाली, जेवेनाशी झाली. एका दुपारी मी शाळेतून आले तर ती वाडग्यात कोकराला मांडीवर घेऊन बसलेली. "बाई," ती म्हणाली, "राग आला हुता मला. दोन वरसं वाट बगितली. राग यिऊ ने व्हय?" मी तिच्याशेजारी बसले. आत्ती दारात उभी होती. तिनंही ऐकलं. ती तशीच मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं, "मी शिराळ्याला जाऊन येते. मेंढरं बगा." शिराळ्याला शंकर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात दर साली खतासाठी तिची मेंढरं बसायची. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. शांत माणूस, गुरांवरही कधी ओरडत नाही, असं आत्ती सांगायची. चार दिवसांनी ती परतली, आणि पुढच्या सोमवारी तिनं भावकी गोळा केली.

हौसाचा शंकरशी पाट लावायचा, दुसरं लग्न करून द्यायचं, असं तिनं सांगितलं. तातोबा उसळले. "नवरा जित्ता आसताना? का काडीमोड दिलीया त्यानं? तूच सांगत हुतीस न्हवं, माजा बिरू मरत न्हाई म्हणून?"

"न्हाई. मेला त्यो."

"कसा?"

"पाय घसरला. पडला."

तातोबा भिंतीवरच्या रेघेकडं बघत राहिले. मग सगळेच बघायला लागले. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना तिनं तिथं उभं केलेलं होतं.

"छातीएवढा कठडा," तातोबा म्हणाले, "आन पाय घसरून पडला?"

"पावसाचं वलं आसंल," आत्ती म्हणाली. "कुणी ढकललं न्हाई, त्यानं उडी घेतली न्हाई, कुणाच्या पत्रानं काय झालं न्हाई. पाय घसरला. मी आई हाय त्येची. मी सांगतीया." आणि तिनं जमिनीवर हात आपटला.

पुढं कुणी वाद घातला नाही.

देह नव्हता, म्हणून पिठाचा पुतळा करायचं ठरलं. ज्वारीचं पीठ आत्तीनं स्वतः दळलं आणि स्वतः मळलं. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. मी दाराशी बसून बघत होते. तिनं डोकं केलं, हात केले, पाय केले. एक पाय जरा आखूड झाला, तर तो मोडून पुन्हा केला. माळावर तो पुतळा पेटवला तेव्हा हौसा माझ्या खांद्यावर कोसळली. आत्ती मात्र ताठ उभी होती. महिन्याभरात शिराळ्याहून शंकर चार माणसं घेऊन आला. हौसा निघताना आत्तीच्या पायाला मिठी मारून सुटेना. आत्तीनं तिला उठवलं आणि म्हणाली, "येष्टी थांबत न्हाई. चल."

त्यानंतरचं एक वर्ष आम्ही दोघीच त्या घरात राहिलो. आत्ती पूर्वीसारखीच मेंढरांमागं जायची, संध्याकाळी माझ्या शाळेतल्या गोष्टी ऐकायची. बिरूचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. मग माझी साताऱ्याला बदली झाली. निघताना तिनं मला पांढऱ्या लोकरीची एक घोंगडी दिली, आणि माझ्या वडिलांना नमस्कार सांगितला.

दोनेक वर्षांनी शंकरचं कार्ड आलं. आत्ती आजारी आहे, आम्ही तिला इकडं आणलंय, तुमची आठवण काढते. नागपंचमी होऊन गेली होती, शिराळ्यात अजून परगावच्या पाव्हण्यांची वर्दळ होती. मी विचारत विचारत घर गाठलं. आत्ती चुलीजवळ वाकळेवर पडली होती, अगदी मूठभर झालेली. हौसा भाकरी थापत होती. अंगणात शंकर दोघांच्या लहान मुलीला खेळवत होता. आमची तीच शेवटची भेट. त्या महिन्याअखेर आत्ती गेली.

तिनं माझा हात धरून ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. जित्त्या पोराचा पुतळा जाळला म्या. वर गेल्यावर इचारतील न्हवं?"

हौसाचे हात थांबले. मागं न वळताच ती म्हणाली, "आत्ती, पाय घसरला म्हनालासा, तवाच मला कळलं हुतं तुमी खोटं बोलताय."

आत्ती तिच्या पाठीकडं बघत राहिली. "आन गप बसलीस?"

"तुमी एवढं वझं उचललंसा. मदीच आडवं कसं यायचं?"

आत्तीनं चुलीकडं मान वळवली. मग म्हणाली, "भाकरी करपतीया बग."

हौसानं भाकरी उलटली, डोळे पुसले. आम्ही तिघी तिथंच चुलीपाशी जेवायला बसलो. आत्तीनं दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. पंधरा दिवसांत तिनं एवढं खाल्लं नव्हतं, असं शंकर मला एस.टी.वर पोचवायला आला तेव्हा म्हणाला.